पेस्टी निवलेली बरी?

"रॅकवरचीच दे गं, कपाटातली नको, महाग पडते." आज दुपारी इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या एका बेकरीत पेस्टी (मांस-बटाट्याचं सारण भरून भाजलेली मोठी करंजीच म्हणा) घेताना माझ्यापुढचे आजोबा हात चोळत म्हणाले, बाहेर पाऊस आणि बोचरं वारं.

इथे पेस्टी गरम कपाटात ठेवून विकली की २० टक्के व्हॅट, आणि ओव्हनमधून काढून रॅकवर आपोआप निवत ठेवली की घरी नेणाऱ्याला शून्य. २०१२ च्या बजेटमध्ये अर्थमंत्री ऑस्बोर्न रॅकवरच्या गरम पेस्टीलाही टॅक्स लावणार होते, लोक इतके भडकले की दोनेक महिन्यांत माघार घेतली, पण कपाटातलीवर तो राहिलाच.

त्या आजोबांचे गारठलेले हात डोळ्यासमोरून जात नाहीयेत. थंडीत गरम घास ही काय चैन आहे का हो?