सेमरिंगच्या घाटानं त्रिएस्तेला

व्हिएन्नाहून इटलीतल्या त्रिएस्ते बंदराला जायचं ठरलं तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, रात्रीची बस घे, दिवस वाचेल." मला दिवस वाचवायचाच नव्हता. माझं लहानपण कर्जतला गेलं, वडील रेल्वेत. मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लागल्याशिवाय गाडी घाट चढत नाही, हे मला पाढ्यांच्या आधी ठाऊक होतं. त्यामुळे वाटेत ऑस्ट्रियात लागणारा सेमरिंगचा घाट दिवसाउजेडी, खिडकीत बसूनच बघायचा होता.

ग्लॉगनिट्स ते म्युर्त्सझुश्लाग हा ४१ किलोमीटरचा सेमरिंगचा टप्पा १८४८ ते १८५४ मध्ये बांधला, कार्ल फॉन गेगा या व्हेनिसमध्ये जन्मलेल्या इंजिनिअरनं. चौदा बोगदे, कमानींचे सोळा मोठे पूल आणि डायनामाइटचा शोध लागायच्या आधीचं काम, म्हणजे सगळी भिस्त सुरुंगाच्या दारूवर आणि मजुरांच्या हातांवर. कॉलरा-टायफसनं कितीतरी मजूर दगावले. आपल्या बोरघाटाचीही तीच कहाणी.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे गेगानं मार्ग आखला तेव्हा तो चढ ओढेल असं इंजिनच कुठे नव्हतं! रूळ आधी, इंजिन मागून. १८५१ मध्ये त्यासाठी स्पर्धा लावली. 'बव्हेरिया' नावाचं इंजिन जिंकलं, पण रोजच्या कामाला ते चाललं नाही. शेवटी एंगेर्थ नावाच्या इंजिनिअरनं वेगळ्या बांधणीचं इंजिन काढलं तेव्हा गाडं रुळावर आलं. चढ साधारण चाळीसात एक, म्हणजे चाळीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. १८६३ साली सुरू झालेला बोरघाट सदतीसात एक, म्हणजे आपला जास्त उभा. हे मी ह्यांना दोनदा ऐकवलं.

गाडी इतकी वळते की पुढचे डबे आपल्याच खिडकीतून दिसतात. काल्टे रिन्नेचा दुमजली पूल ४६ मीटर उंच आहे, पण त्यावरून जाताना तो अर्थातच नीट दिसत नाही. पूल बघायचा असेल तर सेमरिंग स्टेशनवर उतरून पायवाटेनं जावं लागतं. आम्ही उतरलो नाही, गुडघे नाही म्हणाले. घाटाखालून २७ किलोमीटरचा नवा बोगदा होतोय. तो सुरू झाला की लांब पल्ल्याच्या गाड्या खालूनच जातील, म्हणून जाणार असाल तर आताच जा.

पुढे ग्राझ, मग स्लोव्हेनियातलं मारिबोर. झिदानी मोस्तपासून सावा नदीची चिंचोळी दरी लागते. तिथे मी दशम्या सोडल्या, समोरच्या आजींनी सफरचंदं कापली, बोलणं सगळं हातवाऱ्यांनी.

ल्युब्लियानात एक रात्र राहाच. एका दिवसात त्रिएस्ते गाठता येतं, पण अंग आंबतं. दुसऱ्या दिवशी कार्स्टचं चुनखडीचं पठार ओलांडलं की उतारावर एकदम एड्रियाटिक समुद्र दिसतो. व्हिएन्नाचा सम्राट १८५७ मध्ये या बंदरापर्यंत रेल्वे आणायला का धडपडला, ते तिथे कळतं. साम्राज्याचं मुख्य बंदर हेच, १९१८ पर्यंत.

आता कामाचं. तिकीट लवकर काढलं तर बरंच स्वस्त पडतं. जागेचं आरक्षण वेगळं करावं लागतं, ते कराच. पासपोर्ट हाताशी ठेवा. शेंगेन, म्हणजे आपसात सीमातपासणी नसलेल्या देशांचा गट, असला तरी ऑस्ट्रियाच्या हद्दीवर तपासणी होऊ शकते. डब्यात खायला मिळेलच या भरवशावर राहू नका.

परतीला ह्यांना विमान हवं होतं. आम्ही त्याच घाटानं आलो.