धाप

पुण्यातल्या पर्वतीच्या १०३ पायऱ्या धावत चढणाऱ्या एखाद्या तरण्याबांड पोराकडे नीट बघा. पहिल्या वीस-पंचवीस पायऱ्या तो तोंड मिटून जातो. मध्यावर तोंड उघडतं. खरी धाप मात्र वर पोचल्यावर, कठड्याला टेकून उभा राहिल्यावर लागते. पाय थांबलेत, काम संपलंय, आणि छाती अजून वरखाली होतेच आहे. दोन-तीन मिनिटं त्याला धड बोलता येत नाही. तेवढ्यात सत्तरीतले एक आजोबा सोबत्याला पाणीकपातीवर काहीतरी ऐकवत ऐकवत वर येतात आणि तसेच बोलत देवदेवेश्वराच्या दर्शनाला निघून जातात. पायऱ्या दोघांनी तेवढ्याच चढल्या. वजन सारखं धरलं तर उंचीचं कामही तेवढंच झालं. मग धाप एकालाच का? आणि तीही थांबल्यावर का?

याचं उत्तर स्नायूंच्या एका हट्टात आहे. आकुंचन पावायला स्नायूला फक्त एटीपी नावाचा रेणू चालतो. पोह्यातला स्टार्च, पोटावरची चरबी, रक्तातली साखर यातलं काही त्याला थेट चालत नाही. पीएमपीएमएलच्या कंडक्टरसारखा तो ‘सुट्टे द्या’ म्हणून अडून बसतो. आणि शरीरात हे सुट्टे असतात किती? एका वेळी जेमतेम ५० ते १०० ग्रॅम. दिवसभराचा खप मात्र जवळपास आपल्या वजनाइतका, म्हणजे तोच रेणू मोडायचा, जोडायचा, पुन्हा मोडायचा. पूर्ण ताकदीने पळायला लागलं तर स्नायूतला साठा दोन-तीन सेकंदांत संपेल. सारी कसरत आहे ती तो पुन्हा जोडण्याची, आणि त्याच्या तीन रीती आहेत.

पहिली सगळ्यांत झटपट. स्नायूत फॉस्फोक्रिएटिन भरून ठेवलेलं असतं. मोडलेल्या एटीपीला ते आपल्याकडचा फॉस्फेट देऊन टाकतं. एका पायरीची रासायनिक क्रिया, ऑक्सिजनची गरज नाही. पूर्ण जोर लावला तर आठ-दहा सेकंद याचं राज्य. हे फॉस्फोक्रिएटिन १९२७ साली हार्वर्डमध्ये सायरस फिस्के आणि यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी शोधलं. सुब्बाराव आपल्या आंध्रातल्या भीमावरमचे. जिममध्ये क्रिएटिनचा डबा बगलेत मारून फिरणाऱ्यांना निदान हे नाव माहीत असायला हवं. डब्याबद्दल सांगायचं तर, रोज ३ ते ५ ग्रॅम साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट पुरतं. गोळाफेक आणि छोट्या स्प्रिंटला त्याचा थोडा फायदा होतो. त्याबरोबर स्नायूत पाणी साठून वजन किलोभर वाढू शकतं. लांब पळणाऱ्याने ते वजन फुकट का वाहायचं, याचा विचार करावा.

दुसरी रीत म्हणजे स्नायूतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवून ठेवलेली साखर, ऑक्सिजनविना अर्धवट फोडणं. एका ग्लुकोजमागे दोन एटीपी, ग्लायकोजेनपासून सुरुवात केली तर तीन. मिळकत किरकोळ, पण वेग जबर. मध्यावर पोराचं तोंड उघडतं आणि मांड्या पेटतात ते याच वेळी. या धांदलीत स्नायूत आम्लता वाढते. रक्तातलं बायकार्बोनेट ती शोषून घेतं, त्यातून जादा कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो बाहेर टाकायला श्वास जोरात चालतो. धाप म्हणजे शरीराला हवा कमी पडली, असं आपण समजतो. त्या पोराच्या रक्तात ऑक्सिजन बहुधा नेहमीइतकाच असतो. श्वासाला टोचणी लावतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि वाढलेली आम्लता.

तिसरी रीत आजोबांची. ग्लुकोज किंवा चरबी मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या कारखान्यांत नेऊन ऑक्सिजनच्या मदतीने पूर्ण जाळायची. एका ग्लुकोजमागे तीसेक एटीपी मिळतात. फक्त हिला रंगात यायला वेळ लागतो. हृदय, फुप्फुसं, रक्तपुरवठा आणि पेशीतली यंत्रणा यांची लय जमेपर्यंत दीड-दोन मिनिटं जातात. तोवरची तूट पहिल्या दोघी भरून काढतात. पोराने ती दीड-दोन मिनिटं दिलीच नाहीत, त्याआधीच तो वर पोचला. वर उभं राहून तो जी धाप टाकतो त्यात ही तिसरी यंत्रणा आधीच्या दोघींची उधारी फेडत असते. फॉस्फोक्रिएटिन पुन्हा भरणं, आम्लता निस्तरणं, तापलेलं शरीर निववणं ही सगळी कामं आता चालतात. निम्मं फॉस्फोक्रिएटिन अर्ध्या मिनिटात भरून येतं, जवळजवळ पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. आजोबांच्या चालीला लागणारी ऊर्जा पहिली मिनिटभराची तूट सोडली तर चालता चालताच पुरवली जाते, म्हणून पाणीकपातीवर बोलायला श्वास शिल्लक राहतो.

या तीन रीती गाडीच्या गिअरसारख्या एकामागून एक पडतात, असं पुष्कळ ठिकाणी शिकवतात. ते चूक आहे. तिन्ही पहिल्या सेकंदालाच सुरू होतात, बदलतो तो प्रत्येकीचा वाटा. जीव तोडून केलेल्या कामातसुद्धा साधारण सव्वा मिनिटाच्या आसपास निम्मा भार ऑक्सिजनवाली यंत्रणा उचलायला लागते. हे एकदा लक्षात आलं की मैदानावरच्या बऱ्याच गोष्टींचे अर्थ बदलतात.

पोलीस भरतीचंच घ्या. पुण्याच्या टेकड्यांवर आणि मैदानांवर पहाटे जी गावाकडची मुलं-मुली घाम गाळताना दिसतात, त्यातली निम्मी तरी भरतीवाली. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. ज्याने कोणी ही परीक्षा आखली त्याने नकळत तिन्ही यंत्रणांचा पेपर काढून ठेवलाय. गोळा हातातून सुटतो तो दोनेक सेकंदांत, ते काम साठवलेल्या एटीपीचं आणि फॉस्फोक्रिएटिनचं. १०० मीटरमध्ये पहिल्या दोघी. पाच-सहा मिनिटांच्या १६०० मध्ये मात्र ऊर्जेचा चार-पंचमांश किंवा त्याहून जास्त वाटा ऑक्सिजनवालीचा. ८०० मध्येही तो निम्म्याच्या वर असतो.

आणि तयारी कशी चालते? रोज सकाळी घड्याळ लावून पूर्ण १६०० ची ट्रायल. रोज उलटी येईस्तोवर. पहिले तीन-चार आठवडे वेळ कमी होत जातो, मग काटा अडतो, मग नडगी दुखायला लागते. कारण सरळ आहे. हळू चालणाऱ्या यंत्रणेचे कारखाने, म्हणजे मायटोकाँड्रिया आणि केशवाहिन्या, वाढतात ते मुख्यतः भरपूर आणि सोप्या पळण्याने. रोजच्या ट्रायलमध्ये पळणं होतं जेमतेम सहा मिनिटं आणि थकवा मात्र दिवसभराचा. आठवड्यात तीन-चार दिवस ३० ते ४५ मिनिटं सावकाश पळावं. सावकाश म्हणजे सोबतच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकं. दोन शब्दांमागे श्वास घ्यावा लागला की वेग जास्त झाला. ‘२२० वजा वय’ हे नाडीच्या ठोक्यांचं सूत्र लोक फार मानतात, पण माणसामाणसात ते दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं. गप्पांची कसोटी त्यापेक्षा भरवशाची.

बाकी एक दिवस ४०० मीटरचे पाच-सहा लॅप ठरलेल्या वेगाने, मध्ये दोन मिनिटं चालणं किंवा संथ जॉग. पुरी ट्रायल दोन-तीन आठवड्यांतून एकदा. त्या दिवशी मार खायला लावतो तो पहिला लॅप. ५ मिनिटं २० सेकंदांचं लक्ष्य असेल तर एका लॅपला ८० सेकंद. शिट्टी वाजली की घोळक्याबरोबर पोरगा ७० मध्ये पहिला लॅप मारतो. त्याला ते सोपंही वाटतं, कारण फॉस्फोक्रिएटिन ताजं असतं आणि आम्लता अजून चढायची असते. तिसऱ्या लॅपला खांदे कानांशी येतात, टाचा आपटायला लागतात, वेळ नव्वदीकडे सरकतो. पहिल्या लॅपला वाचवलेले दहा सेकंद तिथेच व्याजासकट जातात.

१०० मीटरच्या सरावात चूक उलट्या बाजूची. ४० ते ६० मीटरचे पाच-सहा स्प्रिंट मारायचे तर दर दहा मीटरमागे मिनिटभर विश्रांती, हा जुना हिशेब अजून चालतो. म्हणजे ४० मीटरनंतर चार मिनिटं नुसतं उभं राहायचं, फार तर येरझाऱ्या. हे कोणाला बघवत नाही, पोराला नाही आणि कोचला तर मुळीच नाही. ‘टाइमपास काय करतोय’ म्हणून मिनिटभरात पुन्हा पिटाळलं की फॉस्फोक्रिएटिनची टाकी अर्धी-पाऊणच भरलेली असते, उरलेलं काम ग्लायकोजेनवर जातं आणि वेगाचा सराव करता करता मंद पळण्याचा सराव होतो. विश्रांतीच्या बाबतीत पुणेकराला कोणी शिकवायची गरज नाही असं वाटतं, पण बूट घातले की हेच पुणेकर अस्वस्थ होतात. जिममध्ये ‘ताबाता’ म्हणून जे विकतात त्यातही हाच घोळ. २० सेकंद काम, १० सेकंद आराम, असे सात-आठ फेरे हे खरं, पण १९९६ च्या मूळ प्रयोगात सायकलवरचा भार ऑक्सिजन वापराच्या कमाल क्षमतेच्या सुमारे १७० टक्के होता. ते करून पुढच्या मिनिटाला सेल्फी काढता येत असेल तर ते ताबाता नव्हे.

आता खाण्याकडे वळू, कारण पुण्यात व्यायामाची चर्चा शेवटी तिथेच येते. ग्लायकोजेन स्नायूत मिळून ३०० ते ४०० ग्रॅम, यकृतात शंभरेक ग्रॅम. ग्रॅमला ४ किलोकॅलरी धरल्या तर सगळी पुंजी १६०० ते २००० ची. पळताना दर किलोमीटरला वजनाच्या किलोमागे साधारण एक किलोकॅलरी जळते. ६० किलोच्या माणसाला १० किलोमीटरला ६०० लागतात, सगळा साठा पडूनच राहतो. त्यासाठी आदल्या रात्री पुरी-बासुंदी हाणायचं काही कारण नाही. ४२.१९५ किलोमीटरला लागतात २५०० च्या आसपास. चरबीतून काही भाग येतो, पण वेग वाढवला की साखरेवरचा भार वाढतो. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून चालू आहे आणि तिशीच्या किलोमीटरनंतर रस्त्याकडेला बसणारी माणसंही तेव्हापासूनच असणार. चरबी अंगावर किलोंनी असते, पण ती साखरेच्या वेगाने जाळता येत नाही. म्हणून पाय चालायला तयार होतात, धावायला नाही.

मॅरेथॉनवाल्यांनी आधीचे दीड-दोन दिवस किलोमागे ८ ते १२ ग्रॅम कर्बोदकं खावीत असं म्हणतात. ६० किलोला ८ च्या हिशेबाने ४८० ग्रॅम. शिजवलेल्या भाताच्या भाषेत पावणेदोन किलो. नुसत्या भाताने हे कोणाला जमणार? म्हणून पोळी-गूळ, केळी, साबुदाणा, सरबत अशी वाटणी करावी. साबुदाणा उपासाचा समजला जातो, आहे मात्र जवळपास शुद्ध स्टार्च. खिचडीत तूप आणि दाण्याचं कूट हात राखून घालावं, एवढंच. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर तीनेक ग्रॅम पाणी साठतं, त्यामुळे काट्यावर किलो-दीड किलो वाढ दिसते. तिला घाबरून जेवण तोडू नये. पळताना तासाला ३० ते ६० ग्रॅम, म्हणजे एक ते दोन केळी, थोडी थोडी करून. सिंहगडाला आतकरवाडीतून चढणाऱ्यांना यातलं काहीच लागत नाही. तास-सव्वा तासाच्या चढाला पाणी पुरतं. तरी खिशात चार-चार एनर्जी जेल घेऊन निघालेले लोक दर रविवारी दिसतात. वर पिठलं-भाकरी आहे, हे त्यांना कोणी सांगत नसावं.

दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोंबलतात त्याचं खापर लॅक्टिक अ‍ॅसिडवर, म्हणजे दुसऱ्या रीतीत साखर अर्धवट फोडल्यावर उरणाऱ्या लॅक्टेटवर, फोडायची पद्धत आहे. बेडकाच्या स्नायूंवर काम करणाऱ्या मायरहॉफ आणि हिल यांना १९२२ सालचं नोबेल मिळालं, त्या काळापासून लॅक्टेटला थकव्याचा गुन्हेगार ठरवलं गेलं. प्रत्यक्षात हृदय आणि शेजारचे स्नायू ते आनंदाने जाळतात, यकृत त्याची पुन्हा साखर करतं, आणि व्यायाम थांबल्यावर तासाभरात ते नेहमीच्या पातळीवर येतं. ‘अ‍ॅसिड काढायला’ दुसऱ्या दिवशी पाय रगडून घेणाऱ्यांना बरं वाटतं ते वाटो, काढायला तिथे काही उरलेलं नसतं. दुखतं ते उतरल्यामुळे. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर धरून असतो आणि त्यात त्याचे बारीक धागे दुखावतात. हे दुखणं २४ ते ७२ तासांत टोकाला जातं. गंमत अशी, की एकदा उतरलेल्या स्नायूला पुढच्या काही आठवड्यांत तीच उतरण बरीच कमी दुखते. म्हणून मोठ्या ट्रेकच्या पंधरा दिवस आधी एकदा सिंहगड उतरून ठेवावा. वर जाताना जीपने गेलात तरी चालेल.