काजांगला साते खायला गेलो, त्या संध्याकाळी

मलेशियातल्या माझ्या आठ दिवसांपैकी सात दिवसांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. लंकावीला पावसाने समुद्र दिसू दिला नाही, बाटू गुंफांच्या 272 पायऱ्या मी धापा टाकत चढले आणि वर पोहोचताच एका माकडाने हातातली केळी नेली, एवढ्यात ते आटोपते. लिहावेसे वाटते ते 23 ऑगस्ट 2022 च्या संध्याकाळविषयी, आणि तीही माझ्या वाट्याला आली ती केवळ मला त्या दिवशी क्वालालंपूरजवळच्या काजांग गावचे साते, म्हणजे काडीला लावून निखाऱ्यावर भाजलेले मांस, खायचे होते म्हणून.

माझी आतेबहीण, आमची ताई, बरीच वर्षे क्वालालंपूरला राहते. दुपारी मी तिच्या घरी नाळीची भाजी निवडत बसले होते आणि समोर दूरचित्रवाणीवर मलेशियाच्या प्रशासकीय राजधानीतल्या, पुत्राजायाच्या, न्यायालयाबाहेरची गर्दी दिसत होती. तिथे या भाजीला कांगकुंग म्हणतात. आपल्याकडे पाणथळ जागी उगवणारी ही गरीब भाजी त्या देशाच्या राजकारणात एकदा फार गाजली होती, हे मला भाजी निवडताना कळले. जानेवारी 2014 मध्ये महागाईवरून लोक कुरकुरत असताना तेव्हाचे पंतप्रधान नजीब रझाक म्हणाले होते, की भाव चढले की सरकारला दोष देता, मग आज कांगकुंग स्वस्त झाली आहे तर सरकारचे कौतुक का करत नाही? त्यावर देशभर इतके विनोद झाले, की ताईच्या कार्यालयात कित्येक दिवस कोणी डब्यात ही भाजी आणली तरी हशा पिकत असे. त्याच नजीब यांचा निकाल त्या दुपारी लागायचा होता.

चारच्या सुमारास तो लागला. सरन्यायाधीश तेंगकू मैमून तुआन मात यांच्यासह पाच न्यायमूर्तींनी एकमताने अपील फेटाळले आणि 12 वर्षांची कैद व 21 कोटी रिंगिटचा (रिंगिट हे मलेशियाचे चलन) दंड कायम केला. खटला एसआरसी इंटरनॅशनल या कंपनीचे 4 कोटी 20 लाख रिंगिट नजीब यांच्या खात्यांत वळल्याचा होता. ही कंपनी वनएमडीबी या सरकारी गुंतवणूक निधीच्या पोटातून निघालेली, आणि त्या मूळ निधीतून साडेचार अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम लुबाडली गेल्याचे अमेरिकेच्या न्याय खात्याचे म्हणणे होते. नजीब यांनी आरोप कायम नाकारले. त्यांना तिथूनच काजांगच्या तुरुंगात नेणार, असे निवेदिकेने सांगितले, तेव्हा ताईने माझ्याकडे पाहिले. "तुला आजच जायचं होतं ना काजांगला?"

मला वाटले होते, आता जाणे रद्द. ताई म्हणाली, "उलट आजच जाऊ या." मला मनातून बरे वाटले, हे कबूल करते. एका माजी पंतप्रधानाला तुरुंगात जाताना पाहणारे गाव कसे दिसते, याचे प्रवाशाला साजेसे, थोडे उथळ कुतूहल माझ्या मनात होते. आपल्याकडे असे काही झाले असते तर एका बाजूला पेढे आणि दुसऱ्या बाजूला दगड ठरलेले. इथे काय होते ते पाहायचे होते.

बुकित बिंतांगला आम्ही मेट्रो धरली. त्याच भागातल्या, नजीब यांच्याशी संबंधित एका आलिशान इमारतीतून मे 2018 मध्ये पोलिसांनी हातगाड्यांवर लादून महागड्या हँडबॅगांची 284 खोकी आणि रोकड, दागिने व परकीय चलनाने भरलेल्या 72 पिशव्या बाहेर काढल्या होत्या. ताईने ते दृश्य रात्रभर जागून पाहिले होते. पुढचेच स्थानक तुन रझाक एक्स्चेंज. तुन रझाक म्हणजे देशाचे दुसरे पंतप्रधान, नजीब यांचे वडील. त्यांच्या नावाचा हा व्यापारी परिसर वनएमडीबीनेच हाती घेतलेला, आणि ही मेट्रो पूर्ण काजांगपर्यंत सुरू झाली तेव्हा, 2017 मध्ये, तिचे उद्घाटन केले नजीब यांनीच. डब्यात वातानुकूलन इतके होते की मी ओढणी डोक्यावरून घेतली. दारावरच्या पट्टीत शेवटचे नाव काजांग असे उजळले होते. डब्यातली कितीतरी माणसे मोबाइलमध्ये डोके घालून तीच बातमी पाहत होती आणि कोणी कोणाशी बोलत नव्हते.

स्टेडियम काजांगला उतरून आम्ही सातेच्या दुकानात शिरलो. कोळशाच्या लांबट शेगडीवर एक माणूस ताडाच्या पानाच्या पंख्याने निखारे फुलवत होता आणि गवती चहाच्या चुरडलेल्या काडीने मांसावर तेल फिरवत होता. आमच्यासमोर पन्नास काड्या, शेंगदाण्याचे दाटसर कालवण, कच्चा कांदा, काकडीचे तुकडे आणि दाबलेल्या भाताच्या वड्या आल्या. भिंतीवरच्या भावफलकात कोंबडीच्या काडीच्या भावावर कागदाचा चिटोरा चिकटवून नवा आकडा लिहिला होता, आणि त्या चिटोऱ्याची एक कड सुटल्यामुळे खालचा आधीचा आकडा, त्याहीखाली त्याच्या आधीचा, असे तीन भाव एकावर एक दिसत होते.

वाढणारा पोरगा विशीचा. त्याने विचारले, "बॉस, आणखी कालवण?" तिथे खाणावळीत प्रत्येक गिऱ्हाईक बॉसच असते. सत्ता गेल्यावर नजीब यांनी हाच शब्द उचलला होता. 2019 मध्ये मोटारसायकलवर बसून ते 'मालू आपा, बॉसकू' म्हणत फिरले, म्हणजे 'लाज कसली, माझ्या बॉस', आणि बदनाम पंतप्रधानाचे बघता बघता तरुणांचे दोस्त झाले. मी ताईमार्फत पोराला विचारले, आजच्या निकालाचे तुला काय वाटते? तो म्हणाला, त्यांच्या काळात आईला ब्रिमचे पैसे यायचे. ब्रिम म्हणजे नजीब सरकारने 2012 पासून गरीब कुटुंबांना दिलेले रोख अनुदान, पहिल्या वर्षी 500 रिंगिट. "आता कोंबडीच बघा," असे म्हणून त्याने भावफलकाकडे बोट केले.

त्या वर्षी जूनमध्ये सरकारने कोंबड्यांची निर्यात थांबवली होती आणि जुलैपासून कोंबडीला किलोमागे 9 रिंगिट 40 सेनची कमाल मर्यादा घातली होती. तरी फलकावर तीन चिटोरे होतेच. शेजारच्या मेजावर एक वृद्ध गृहस्थ एकटेच जेवत होते. इंग्रजीत बोलू लागले. ते निवृत्त सरकारी लिपिक होते. त्यांना राग वेगळ्याच गोष्टीचा होता. एसआरसीने जे 4 अब्ज रिंगिट कर्जाऊ घेतले ते सरकारी नोकरांच्या निवृत्तिवेतन निधीतून, हे त्यांनी मला चमच्याने मेजावर ठोकत दोनदा सांगितले. मग म्हणाले, 2015 च्या एप्रिलमध्ये यांनी आमच्या चहावर 6 टक्के कर बसवला आणि जुलैमध्ये वर्तमानपत्रात वाचले की यांच्या खात्यात सुमारे 70 कोटी डॉलर आले. त्या कराच्या पावत्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या. कशासाठी, असे मी विचारले नाही. ताईने मात्र लगेच मान डोलावली. तिच्याकडेही आहेत म्हणाली. त्याच वर्षी नजीब यांच्या पत्नी रोस्मा यांनी महागाईची तक्रार करताना केस रंगवायला 1,200 रिंगिट लागतात असे सांगितले होते, आणि द्वीपकल्पात किमान वेतन तेव्हा महिना 900 रिंगिट होते, याची आठवण दोघांनी एकमेकांचे वाक्य पुरे करत काढली आणि दोघेही मनापासून हसले.

एवढ्यात गल्ल्यावरच्या बाईंनी मोबाइल उंच धरला. काळ्या गाड्यांचा ताफा, मागे पोलिसांचे दिवे. ते रस्ते इथून काही किलोमीटरवरच होते. सगळ्यांनी माना वळवल्या. टाळ्या वाजल्या नाहीत, कोणी रडलेही नाही. पोरगा पडद्याकडे पाहत राहिला आणि त्याच्या हातातले कालवणाचे भांडे कलून थोडे कालवण ताईच्या पिशवीवर सांडले. तो ओशाळला, "सॉरी, बॉस," म्हणाला. वृद्ध गृहस्थांनी पाणी प्यायले आणि आपले पैसे मोजू लागले, नोटा एका बाजूला, सेन दुसऱ्या बाजूला.

खरे सांगायचे तर माझा हिरमोड झाला. मी जल्लोष किंवा हंबरडा, काहीतरी ठसठशीत पाहायला आले होते, आणि ज्यांचे पैसे गेले ती माणसे सुट्टे पैसे मोजत होती. परतीच्या मेट्रोत मी ताईला तसे म्हटल्यावर ती वैतागली. जल्लोष आम्ही 2018 च्या मे महिन्यात केला, म्हणाली. नजीब हरले, नवे सरकार आले, 1 जूनला तो 6 टक्के कर शून्यावर आणला, सप्टेंबरमध्ये जुना विक्रीकर परत आला आणि मधल्या तीन महिन्यांत तिच्या कोपऱ्यावरच्या चहावाल्याने एक सेनसुद्धा कमी केला नाही. देशाचे कर्ज फेडायला लोकांनी स्वखुशीने वर्गणी दिली, तशी तिनेही दिली होती. "आज मला काय वाटतंय ते मलाच धड कळत नाहीये, आणि तू मला नाचायला सांगतेस?" मग गाडी तुन रझाक एक्स्चेंजला थांबली, दारे उघडली, आणि ती काचेबाहेरच्या फलाटाकडे पाहत राहिली.

फेब्रुवारी 2024 मध्ये क्षमादान मंडळाने नजीब यांची शिक्षा निम्म्यावर, सहा वर्षांवर, आणि दंड 5 कोटी रिंगिटवर आणल्याचे जाहीर केले, तेव्हा मी बातमी वाचून लगेच ताईला फोन केला. ती काजांगहून नुकतीच परतली होती. तिने आधी सांगितले की काडीमागे आणखी वीस सेन वाढले आहेत आणि दुकानदाराने आता चिटोरे चिकटवणे सोडून भावफलकावर पुसता येणारी काचच बसवली आहे. शिक्षेविषयी मी पुन्हा विचारले तेव्हा ती म्हणाली, "हो, वाचलं," आणि आत्याच्या गुडघ्याची चौकशी करू लागली.