कोलंबोचा रेनकोट

आज सुट्टी, बाहेर धो धो पाऊस, मग काय, दिवसभर 'कोलंबो' ही जुनी अमेरिकन डिटेक्टिव्ह मालिका बघत बसलो. खुनी कोण ते सुरुवातीलाच दाखवून टाकतात, तरी जागचं उठवत नाही! सगळी करामत डिटेक्टिव्ह कोलंबो साकारणाऱ्या पीटर फॉकची. वयाच्या तिसऱ्या वर्षी कॅन्सरमुळे त्याचा उजवा डोळा काढावा लागला, तिथे काचेचा बसवला. हार्टफर्डमध्ये सरकारी नोकरी सांभाळून हौशी नाटकं केली, मग नोकरी सोडून थेट न्यूयॉर्क. १९६० आणि १९६१ च्या सिनेमांसाठी लागोपाठ ऑस्कर नामांकनं. कोलंबोचा तो चुरगळलेला रेनकोट? फॉकचा स्वतःचाच, घरून आणलेला. (कपडेपटवाल्यांना काय वाटलं असेल!) निघता निघता दारातून मागे वळून 'अजून एक गोष्ट' म्हणतो ना, तेव्हा खुन्याआधी मलाच घाम फुटतो.