नाव एक, वस्तू दुसरी

मी घरी केलेल्या धुपाचा पहिला शंकू जेमतेम अर्धा सेंटिमीटर जळला. टोकाशी बुडबुडे आले, एक काळा थेंब ओघळला आणि धूर थांबला. दुसरा मधोमध विझला. तिसरा जवळजवळ तळापर्यंत गेला, बूड तेवढं तसंच राहिलं. चौथ्यांदा विझला तेव्हा मी काडेपेटी बाजूला ठेवली, सुरीने त्या शंकूचे दोन उभे तुकडे केले आणि आत काय आहे ते पाहिलं. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, पण पहिल्या दिवशी माझा कृतीवर विश्वास होता.

मी काही वर्षांपासून पेगन वाटेने, म्हणजे युरोपातल्या जुन्या निसर्गपूजेवरून घडलेल्या वाटेने चालते. कुठल्या गटात नाही, दीक्षा नाही, एकटीच. वर्षाचे आठ सण पाळायचे, त्या त्या ऋतूतलं काहीबाही वेदीवर मांडायचं, धूप लावायचा, थोडा वेळ गप्प बसायचं. साऊन (ऑक्टोबरअखेर), यूल (डिसेंबर), इम्बॉल्क (फेब्रुवारी), ओस्टारा (मार्च), बेल्टेन (मे), लिथा (जून), लुनासा (ऑगस्ट), मेबन (सप्टेंबर). यातलं पहिलं नाव लिहिलेलं 'सॅमहेन' असं दिसतं, म्हणायचं मात्र 'साऊन'. मी दोन वर्षं चुकीचं म्हणत होते आणि कोणी सुधारलं नाही, कारण ऐकणारी मीच होते.

सुरुवातीला सगळं विकतचं असायचं. मग एका साऊनला वेदीसमोर बसले असताना लक्षात आलं, की समोरची एकही वस्तू कशाची बनली आहे हे मला सांगता येणार नाही. 'ड्रॅगन्स ब्लड' नावाचा लाल धूप होता. ते रक्त म्हणजे एका जातीच्या वेताच्या फळांवर साठणारी राळ, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्या रात्री ठरवलं, पुढच्या साऊनपर्यंत वेदीवर येईल ते आपल्या हातचं.

'हे सगळं हजारो वर्षांचं आहे, त्यात तू ढवळाढवळ करू नकोस' असं मनातल्या मनात एक आवाज म्हणत होता, म्हणून थोडं वाचलं. सुटे सण बरेचसे जुने आहेत. पण आठांचं हे नेटकं चक्र विसाव्या शतकातलं. ब्रिटनमध्ये १७३५ चा चेटूकविषयक कायदा १९५१ साली रद्द झाला आणि त्याच दशकात नव्या पेगन पंथांचे प्रवर्तक जेराल्ड गार्डनर, रॉस निकल्स यांच्या वर्तुळांत हे सण एका माळेत ओवले गेले. शरदातल्या सणाला 'मेबन' हे नाव तर एडन केली या अमेरिकन माणसाने १९७० च्या दशकात दिलं. काहींचा हे कळल्यावर हिरमोड होतो. मला हायसं वाटलं. इतक्या अलीकडे माणसांनी बसून जुळवलेलं आहे म्हटल्यावर माझ्या हातून एखादं टोक वाकडं गेलं तर आभाळ कोसळणार नव्हतं.

सुरुवात धुपापासून केली आणि पहिल्याच पायरीला नावाने फसवलं.

कृतीत 'फ्रँकिन्सेन्स' होतं. शब्दकोशात पाहिलं, लोबान. लोबान मागवला. आले ते तपकिरी खडे, आत पांढरे बदामासारखे ठिपके, वास गोड, व्हॅनिलाच्या जवळ जाणारा. छान होता, पण वर्णनात 'लिंबासारखा, चीडाच्या राळेसारखा' असं लिहिलेलं. आठवडाभर मला वाटत राहिलं की माझंच नाक बिघडलंय. मग उलगडा झाला. अरबीतला 'लुबान' म्हणजे ओमान, येमेन, सोमालिया या भागांतल्या बॉसवेलिया झाडाची राळ, तेच फ्रँकिन्सेन्स. जावा-सुमात्राकडून येणाऱ्या स्टायरॅक्स झाडाच्या राळेला अरब व्यापारी 'लुबान जावी' म्हणत, म्हणजे जावाचा लुबान. त्याचाच अपभ्रंश होत होत इंग्रजीत 'बेंझोइन' झालं. आपण ज्याला ऊद म्हणतो तो हा. नाव एका झाडाचं, डिंक दुसऱ्याचा, आणि दोन्ही बरण्यांवर लोबान. दुसऱ्यांदा मागवताना झाडाचं शास्त्रीय नाव लिहून पाठवलं, तेव्हा फिकट पिवळे, पिठूळ अश्रूंसारखे खडे हातात आले. नखाने टवका काढला आणि लिंबू आला नाकात.

'सीडर'चंही तेच. अमेरिकेत लिहिलेल्या कृतींमधला रेड सीडर हा सीडर नाहीच, तो ज्युनिपर. पेन्सिलीला तासताना जो वास येतो ना, तो त्याचा. खरा सीडर म्हणजे देवदाराच्या कुळातला. दोन्ही चांगले जळतात, पण एकाच्या जागी दुसरा घातला की धुपाची तऱ्हाच बदलते. पांढरा सेज मी वगळलाच. दक्षिण कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोतला बाहा या पट्ट्यात वाढणारी ती वनस्पती तिथल्या मूळ रहिवाशांच्या विधींतली, आणि मागणीपायी रानातून चोरून ओरबाडली जाते. त्याऐवजी रोझमेरी घेतली. ती कुंडीत येते, आणि फ्रेंचमध्ये तिचं एक जुनं नाव धुपावरूनच पडलेलं आहे.

राळ कुटणं हा स्वतंत्र उद्योग. खलात घालून घोटलं की घर्षणाने ती गरम होते आणि बत्त्याला च्युइंगमसारखी चिकटते. माझा पहिला बत्ता खरवडायला राळ कुटण्यापेक्षा जास्त वेळ गेला. खडे वीसेक मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवायचे, चिमूट-चिमूट घ्यायचे आणि घोटायचं नाही, ठोकायचं. टक् टक् करत ती काचेसारखी फुटते.

कुटलेली राळ आधी कोळशावर टाकून पाहिली. चटकन पेटणाऱ्या त्या गोल वड्यांमध्ये सोरा असतो. पेटवल्यावर ठिणग्या धावतात, उग्र वास येतो, आणि सगळा कोळसा राखाडी होईपर्यंत वर काही टाकायचं नाही. मला धीर नव्हता. शिवाय वडी मी नुसत्या चिनीमातीच्या वाडग्यात ठेवली होती, खाली वाळू नाही. तीन मिनिटांत वाडगा तडकला आणि लाकडी स्टुलावर एक काळं वर्तुळ उमटलं. ते अजून आहे. वर मी मूठभर राळ टाकलेली. आई दारात आली. "अगं, खिडकी तरी उघड, डोळे चुरचुरतायत."
"उघडली तर धूर निघून जाईल ना."
"मग काय तो साठवून ठेवणारेस?"
तिचं बरोबर होतं. जळता कोळसा बंद खोलीत ठेवणं हा वेडेपणा आहे, त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वास नसतो. आता खोल वाडगा, अर्ध्यापर्यंत वाळू, कोळशावर राखेचा पातळ थर आणि राळेचे दोन-तीन दाणे. राख मध्ये असली की राळ करपत नाही, सावकाश वितळते, आणि वास शेवटपर्यंत स्वच्छ राहतो.

मग शंकू. यात मी जवळजवळ सहा आठवडे घालवले.

सुरीने कापलेल्या त्या चौथ्या शंकूच्या आत मला काय दिसलं? बाहेर कोरडं कवच, आत ओलसर, चकचकीत गाभा. दोन दोष एकदम. मी निम्मी राळ घातली होती, कारण राळ म्हणजे सुगंध आणि जास्त सुगंध म्हणजे चांगला धूप, असा माझा हिशेब. पण राळ जळण्याआधी वितळते. वितळलेली राळ भुकटीमधल्या फटी भरून टाकते, निखाऱ्याला हवा मिळत नाही, तो गुदमरतो. जळायचं काम लाकडाच्या भुकटीचं, धरून ठेवायचं काम चिकट सालीच्या भुकटीचं. जपानी कृतींमध्ये तिला माक्को म्हणतात, आपल्याकडची जिगट त्याच कामाची. राळ या दोघींच्या खांद्यावर बसून जाते. दुसरा दोष घाईचा. उन्हात ठेवल्याने वरचं कवच लवकर वाळलं आणि आतलं पाणी आतच अडकलं.

बऱ्याच खाडाखोडीनंतर वहीत टिकलेलं प्रमाण असं: माक्को १० ग्रॅम, सीडरची वस्त्रगाळ भुकटी ६, राळ ३, वाळलेली रोझमेरी १. पाणी थेंबाथेंबाने, गोळा बोटांना न चिकटता आकार धरेल इतकंच. एक थेंब जास्त पडला की तो गोळा अचानक ढिला पडतो, मग भुकटी घाला, मग पुन्हा पाणी, आणि बघता बघता वीस ग्रॅमचे चाळीस होतात. शंकू बारीक हवा. माझे आधीचे अंगठ्याएवढे होते, त्यांचं रुंद बूड तापवायला निखारा पुरा पडत नव्हता. करंगळीच्या टोकाएवढे केले, सावलीत आठ-दहा दिवस ठेवले, रोज कूस बदलली. आणि पेटवताना थंड बशीवर न ठेवता वाळूवर. पाचव्या खेपेला एक शंकू तळापर्यंत गेला. मी जागची उठले नाही.

बाकी हिवाळा भराभर गेला. यूलसाठी मधमाश्यांच्या मेणाच्या मेणबत्त्या ओतल्या. हे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं, भांड्यात भांडं ठेवूनच तापवायचं, आणि निवताना वातीभोवती खड्डा पडतो म्हणून थोडं मेण मागे राखायचं. वेदीवरच्या हिरव्या डहाळ्यांत यू आणि मिसलटो टाळले. चित्रांत सुंदर दिसतात, पण दोन्ही विषारी आहेत. इम्बॉल्कसाठी ब्रिगिड या आयरिश देवीचा क्रॉस ताज्या लव्हाळ्यासारख्या गवताचा केला. एक काडी उभी, बाकीच्या दुमडून तिच्यावर, दर वेळी पाव वळसा. वाळल्यावर गवत आकसलं आणि चारही बाहू सैल पडले. आठवड्याने गाठी पुन्हा आवळायच्या असतात, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

'चेटकिणीची शिडी' केली ती केवळ तिच्या गोष्टीसाठी. इंग्लंडमध्ये सॉमरसेटमधल्या वेलिंग्टन गावात १८७८ साली एक जुनं घर पाडताना माळ्यावर पिसं गुंफलेला दोर सापडला, सोबत काही झाडू आणि एक जुनी खुर्ची. कामगारांनी त्याला चेटकिणीची शिडी म्हटलं. मानववंशशास्त्रज्ञ टायलर यांनी १८८७ मध्ये तो विद्वानांच्या सभेत दाखवला, तर श्रोत्यांतले दोघं उठून म्हणाले, अहो, हे तर हरणांना बिचकवून परतवायचं साधन! दोर आज ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात आहे आणि नक्की काय होता ते ठरलेलं नाही. मी लाल, पांढऱ्या, काळ्या धाग्याची वेणी घातली, नऊ गाठी, प्रत्येक गाठीत कोंबडीचं पीस. रानपक्ष्यांची पिसं उचलण्याआधी कायदा पाहावा, अमेरिकेत तर बहुतेक देशी पक्ष्यांचं पडलेलं पीसही बाळगता येत नाही. माझ्या शिडीने कुठलं हरीण अजून बिचकलेलं नाही.

लुनासा आला आणि पुन्हा नावाने गाठलं. 'कॉर्न डॉली' करायची होती. कॉर्न म्हणजे मका, म्हणून मक्याच्या सालींची झकास बाहुली केली, तिला कंबरपट्टासुद्धा बांधला. मग कळलं की ब्रिटिश इंग्रजीत कॉर्न म्हणजे मुख्य धान्य, इथे गहू, आणि डॉली बाहुलीसारखी असतेच असं नाही. पुष्कळदा ती नुसती काड्यांची पोकळ, पिळदार वेणी असते, कापणीतल्या शेवटच्या पेंढीतून केलेली.

गव्हाच्या काड्या मिळवल्या तर त्या आखूड आणि आतून भरीव. नव्या वाणांची ताटं बुटकी असतात आणि कापणीयंत्र त्यांचा चुरा करतं. काड्यांचं काम करणारे ब्रिटनमध्ये मुद्दाम मॅरिस विजनसारखा १९६४ चा उंच, पोकळ काडीचा वाण पेरून घेतात. माझ्याकडे तो नव्हता. मी ओंबीखालचं पहिलं लांब पेर तेवढं कापून घेतलं आणि काडी संपली की तिच्या पोकळ टोकात नव्या काडीचं बारीक टोक खुपसत गेले. काड्या अर्धा तास कोमट पाण्यात, मग ओल्या पंच्यात गुंडाळून. कोरडी काडी वाकवली की कट्ट करून मोडते, भिजलेली दबते पण तुटत नाही.

पाच काड्या ओंब्यांखाली घट्ट बांधायच्या आणि चार दिशांना पसरायच्या, एका दिशेला दोन. जोडीतली एक उचलून पुढच्या दोन काड्यांवरून न्यायची, आणि जिच्यावर ती येऊन टेकली ती आता उचलायची. पाव वळसा, पुन्हा तेच. काडी आधीच्या काडीच्या बाहेरच्या अंगाला ठेवली की पीळ रुंदावतो, आतल्या अंगाला ठेवली की निमुळता होतो. पहिले दहा वळसे मोजत घातले. मग बोटांनी मोजदाद स्वतःकडे घेतली. पिळाच्या आत हवेची एक नळी तयार होते, दिव्यासमोर धरली की तिच्यातून उजेड जिन्याच्या पायऱ्यांसारखा उतरतो. मध्ये एका जागी मी चुकीची काडी उचलली होती, तिथे कुबड आलं आहे. उसवायला गेले असते तर काड्या मोडल्या असत्या, म्हणून राहू दिलं.

साऊनला वेदीवर ही कुबडी वेणी होती, मेणबत्तीची उरलेली जोडी, शिडी, वाळूच्या वाडग्यात शंकू. मक्याची बाहुलीही ठेवली, नाव काही का असेना.

बरण्यांवर आता मी झाडाचं शास्त्रीय नाव आणि आणल्याची तारीख लिहिते. पहिला तो तपकिरी खड्यांचा डबा मात्र संपलेला नाही. त्यावर माझ्याच अक्षरात 'लोबान' असं आहे, खाली खोडून 'ऊद', आणि त्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह. पेन्सिलीला अजून वास येतो.