तुम्ही विचारलंत म्हणून : एका ट्रॅकवर एकच स्वर, मग कॉर्ड कुठून येते?

माझ्याकडील ट्रॅकर हे संगीत रचण्याचे यंत्र पाहिल्यावर बहुतेक जण तोच प्रश्न विचारतात. छोट्याशा पडद्यावर अक्षरे आणि आकडे वरून खाली सरकत असतात, पेटीसारख्या पट्ट्या कुठेच दिसत नाहीत, आणि एका ट्रॅकवर, म्हणजे एका रकान्यात, एका वेळी एकच स्वर वाजतो हे ऐकल्यावर तर समोरच्याच्या कपाळावर आठ्या उमटतात. मग यावर चाल सुचते कशी, आणि कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार स्वर, बसवता तरी कशा? दरवेळी मी घाईघाईने दोन वाक्यांत उत्तर देतो आणि ते अपुरे राहते, म्हणून आज सविस्तर लिहितो आहे. माझे उत्तर असे की ट्रॅकरवर कॉर्ड म्हणजे शेजारी शेजारी चालणाऱ्या तीन साध्या चाली असतात, आणि एकदा ही दृष्टी आली की एका ट्रॅकवर एकच स्वर ही अट अडचण न राहता उत्तम शिक्षक होते.

ट्रॅकर म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगतो. कार्स्टन ओबार्स्की यांनी १९८७ साली अमिगा संगणकासाठी ‘अल्टिमेट साउंडट्रॅकर’ हा प्रोग्रॅम लिहिला, आणि स्वरांची उभी यादी करून संगीत रचण्याची ही पद्धत तिथून पसरली. अमिगाच्या ध्वनी-चिपमध्ये चारच वाहिन्या होत्या, त्यामुळे पडद्यावर चार उभे रकाने असत आणि एका पॅटर्नमध्ये, म्हणजे रचनेच्या एका पानात, चौसष्ट ओळी असत. पुढे गेमबॉय या हातातल्या खेळयंत्रावर ‘एलएसडीजे’ हा ट्रॅकर आला, आणि अलीकडच्या काळात पॉलिएंडचा ट्रॅकर किंवा डर्टीवेव्हचे एम८ यांसारखी, याच कामासाठी घडवलेली स्वतंत्र यंत्रे आली. या दोन्हींवर आठ ट्रॅक मिळतात. ओळ म्हणजे काळाचा एक तुकडा, रकाना म्हणजे एक आवाज. खान्यात स्वर, वाद्याचा क्रमांक, आवाजाची पातळी आणि एखादी आज्ञा लिहायची, एवढीच या लिपीची बाराखडी आहे.

या बाराखडीतला सर्वांत महत्त्वाचा धडा मात्र रिकाम्या खान्याचा आहे, आणि नवे लोक नेमके तिथेच अडतात. रिकामा खाना म्हणजे शांतता नव्हे. वरच्या ओळीत जो स्वर सुरू झाला तो, नवा स्वर येईपर्यंत किंवा ‘ऑफ’ लिहिले जाईपर्यंत, आपल्या नादाने वाजतच राहतो. मी सुरुवातीला लांबवलेल्या तंतुवाद्याचे सॅम्पल, म्हणजे ध्वनिमुद्रित तुकडा, घेऊन एक चाल लिहिली होती आणि प्रत्येक स्वरानंतर मोकळ्या ओळी सोडल्या होत्या. वाजवली तेव्हा श्वास घ्यायला कुठे जागाच नव्हती. त्या दिवसापासून स्वर कुठे सुरू होतो याइतकाच तो कुठे संपतो याचाही मी विचार करू लागलो. आज माझ्या पॅटर्नमध्ये ‘ऑफ’ हा शब्द स्वरांइतक्याच काळजीने लिहिलेला असतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ए मायनर, एफ मेजर, सी मेजर आणि जी मेजर या चार सर्वपरिचित कॉर्ड घेऊ. चौसष्ट ओळींच्या पॅटर्नमध्ये प्रत्येकीला सोळा ओळी, म्हणजे चार-चार ओळींचे चार ठोके मिळतात. पेटीवर बसलेला नवखा माणूस हाताचा तोच आकार उचलून पुढच्या जागी ठेवतो : ए-सी-ई, मग एफ-ए-सी, मग सी-ई-जी, मग जी-बी-डी. ट्रॅकरवर तसेच लिहिले तर बारा खाने भरावे लागतात, आणि प्रत्येक रकाना उभा वाचून पाहिला की कळते की कोणताही आवाज नीट चालत नाही, नुसत्या उड्या मारतो. म्हणून मी पहिल्या ओळीवर (ओळींची मोजणी शून्यापासून होते) तीन ट्रॅकमध्ये ए-४, सी-५ आणि ई-५ (आकडा सप्तकाचा) लिहितो आणि पुढच्या कॉर्डसाठी प्रत्येक आवाजाला एकच गोष्ट विचारतो : तुला हलण्याची गरज आहे का?

सोळाव्या ओळीवर एफ मेजर हवी आहे. तिच्यात ए आहे, सी आहे. फक्त ई ऐवजी एफ लागतो. म्हणजे एकच खाना भरायचा, एफ-५, आणि उरलेले दोन रिकामे सोडायचे. जुने स्वर वाजत आहेतच. बत्तिसाव्या ओळीवर सी मेजर येताना ए एक पायरी उतरून जी होतो, एफ पुन्हा ई वर येतो आणि मधला सी जागचा हलत नाही. अठ्ठेचाळिसाव्या ओळीवर जी मेजरसाठी सी चा बी होतो, ई चा डी होतो आणि खालचा जी तसाच राहतो. बारा खान्यांचे काम आठ खान्यांत झाले. पण बचत हा यातला किरकोळ लाभ आहे. आता रकाने उभे वाचा : खालचा आवाज ए, ए, जी, जी; मधला सी, सी, सी, बी; वरचा ई, एफ, ई, डी. वरचा रकाना तर सरळ गुणगुणता येतो. यंत्राने मला कॉर्ड आडवी दाखवलीच नाही, उभ्या तीन वाटा दाखवल्या, आणि त्यामुळे शेजारच्या स्वरावर अलगद पाऊल टाकण्याची सवय आपोआप लागली. संगीताच्या पुस्तकांत मी हे आधी वाचले होते. समजले मात्र तेव्हा, जेव्हा रिकामे राहिलेले खाने डोळ्यांना दिसले.

चौथ्या ट्रॅकवर बास, म्हणजे सर्वांत खालचा आवाज, येतो : ए, एफ, सी, जी. कॉर्डचे नाव खरे तर तोच ठरवतो, त्यामुळे वरच्या तीन आवाजांना मूळ स्वर तळाशी ठेवण्याचे बंधन राहत नाही.

इथे कोणीतरी हिशेब मांडतोच की कॉर्डला तीन, बासला एक, ढोल-झांजांना तीन दिले तर आठांपैकी चालीसाठी एकच ट्रॅक उरतो. हिशेब बरोबर आहे, आणि म्हणूनच कोणता स्वर गाळता येईल हे शिकणे आवश्यक ठरते. माझ्या मते पहिल्यांदा पंचमाला सुट्टी द्यावी. कॉर्ड मायनर की मेजर हे तिसरा स्वर, म्हणजे आपल्या भाषेत कोमल किंवा शुद्ध गांधार, ठरवतो. पंचमाचा त्यात वाटा नसतो, आणि बासच्या स्वराच्या नैसर्गिक उपस्वरांमध्ये तिसरा उपस्वर पंचमाचाच असल्याने तो अंशतः कानावर पडतच असतो. बासमध्ये ए आणि वर नुसता सी एवढ्यावर ए मायनरचा रंग उभा राहतो. चाल स्वतःच त्या सी वर येऊन थांबत असेल तर तोही ट्रॅक मोकळा होतो.

ट्रॅक अगदीच कमी असतील तर जुन्या मंडळींनी शोधलेला उपाय आहे, तो म्हणजे अर्पेजिओची, म्हणजे कॉर्डचे स्वर एकामागून एक वाजवण्याची, आज्ञा. मूळ मॉड पद्धतीत, म्हणजे अमिगाच्या ट्रॅकरांच्या फाइल-पद्धतीत, एका ओळीचे सहा टिक, म्हणजे काळाचे बारीक तुकडे, असतात आणि युरोपीय अमिगावर एक टिक २० मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे एक ओळ १२० मिलिसेकंदांची, आणि चार ओळींचा एक ठोका धरला तर लय मिनिटाला १२५ ठोके. शून्य-तीन-सात ही आज्ञा दिली की पहिल्या टिकला मूळ स्वर, दुसऱ्याला तीन अर्धस्वर वरचा आणि तिसऱ्याला सात अर्धस्वर वरचा स्वर वाजतो आणि हे चक्र फिरत राहते. ६० मिलिसेकंदांत पूर्ण होणारे हे चक्र कानाला सुटे स्वर म्हणून जाणवत नाही, थरथरणारी एक कॉर्ड म्हणून जाणवते. वरच्या चारही कॉर्ड याच एका ट्रॅकवर आणायच्या असतील तर ए वर ०३७, पुन्हा ए वर ०३८, मग जी वर ०५९ आणि शेवटी जी वर ०४७ लिहावे. तीन ट्रॅकवर जी मांडणी होती, तीच स्वरांना धक्का न लावता एका रकान्यात उतरते. दोन पथ्ये मात्र पाळावीत. मॉड पद्धतीत ही आज्ञा ज्या ओळीवर लिहिली तेवढ्याच ओळीपुरती चालते, म्हणून ती प्रत्येक ओळीवर पुन्हा लिहावी लागते. आणि ओळीचे टिक तीनने भागले जात नसतील तर चक्र अर्ध्यात तुटून थरथर लंगडी होते.

तिसरी वाट सॅम्पलची. तीन ट्रॅकवर कॉर्ड बांधायची, ती यंत्रातच ध्वनिमुद्रित करून एक सॅम्पल करायचे, आणि मग एकाच ट्रॅकवर हव्या त्या उंचीवर वाजवायचे. सोय मोठी आहे, पण यात एक सापळा आहे. सॅम्पल वर-खाली केले तरी आतल्या स्वरांमधले अंतर बदलत नाही, त्यामुळे मायनर कॉर्ड कुठेही नेली तरी मायनरच राहते. ए मायनरचे सॅम्पल एफ वर नेले की एफ मायनर वाजते, तिच्यात कोमल ए असतो, आणि चालीत शुद्ध ए असेल तर दोघांची टक्कर होते. म्हणून मी मेजर आणि मायनर अशी दोन सॅम्पल वेगळी ठेवतो. शिवाय साध्या सॅम्पलची उंची एक सप्तक वाढवली की त्याची लांबी निम्मी होते, हेही ध्यानात ठेवावे लागते. नृत्यसंगीतात सरकत्या मायनर कॉर्डचा जो ओळखीचा रंग आहे, तो याच मर्यादेतून आला आहे. तो हवा असेल तेव्हा ही वाट जरूर घ्यावी, एरवी मला तीन ट्रॅकचीच वाट प्रिय आहे.

चालीबद्दल विचारणाऱ्यांना मी आधी एक प्रयोग करायला सांगतो. चार कॉर्ड मांडून झाल्या की चालीच्या ट्रॅकवर दर चार ओळींनी एकच स्वर लिहावा, ई, आणि डोळे मिटून ऐकावा. ए मायनरवर तो पंचम असतो आणि शांत वाटतो. एफ वर तोच शुद्ध निषाद होतो आणि अस्वस्थ करतो. सी वर गांधार होऊन उजळतो. जी वर धैवत होऊन अधांतरी राहतो. स्वर तसूभरही हललेला नसतो. हे ऐकल्यावर चाल म्हणजे स्वर बदलत नेणे एवढेच नाही, हे सांगावे लागत नाही. त्यानंतर मी वरच्या कॉर्ड-आवाजाच्या उलट दिशेने चालीला नेऊन पाहतो. तो ई वरून एफ वर चढताना माझी चाल सी-६ वरून ए-५ वर उतरते, आणि दोघांचे वेगळेपण स्पष्ट ऐकू येते.

पट्ट्या नसण्याचाही इथे उपयोग होतो. एका कळीने अर्धस्वर, दुसरीने अख्खे सप्तक, असे आकडे वाढवत स्वर शोधताना बोटांच्या सवयीचे वळण आड येत नाही. कानाला जे हवे ते मिळेपर्यंत कळ दाबत राहायची. लयीसाठी मी स्वर लिहिल्यावर कर्सरची उडी तीन ओळींची ठेवतो. मग स्वर शून्य, तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा या ओळींवर पडतात, ठोक्याला कधी गाठतात, कधी चुकवतात, आणि पुढच्या कॉर्डच्या एक ओळ आधीच पंधराव्या ओळीवर येणारा स्वर तर पुढच्या घराचे दार ठोठावल्यासारखा वाटतो.

मींडेवर मात्र मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, कारण सरळ पायऱ्यांवर उभे केलेले स्वर आपल्या कानाला अपुरे वाटतात. ट्रॅकरमध्ये यासाठी स्वरापर्यंत सरकण्याची आज्ञा आहे. डी लिहिला आणि शेजारी ती आज्ञा दिली की सॅम्पल पुन्हा सुरू होत नाही, वाजत असलेला ई च घसरत डी वर येतो. सरकण्याचा वेग आकड्यात लिहायचा असतो, आणि त्या एका आकड्यात मी कधी कधी अख्खी संध्याकाळ घालवली आहे : जलद ठेवला तर कण लागल्यासारखा भास होतो, मंद ठेवला तर स्वर ओळ संपेपर्यंत मुक्कामी पोहोचतच नाही आणि बेसूर लागतो. मुक्कामी पोहोचला की दोन ओळी काहीही न करता त्याला तसाच उभा राहू द्यावा, मग हलके कंपन द्यावे. स्वर सुरू होताक्षणी कंपन दिले की तो घाबरल्यासारखा ऐकू येतो.

शेवटी कॉर्डना माणसाचा हात लागल्यासारखा वाटावा म्हणून दोन गोष्टी करतो. तिन्ही आवाज एकाच पातळीवर ठेवत नाही. मधला थोडा दबका, वरचा थोडा पुढे, आणि सगळ्यांची बेरीज फाटणार नाही इतपत एकूण पातळी खाली. आणि दुसऱ्या आवाजाला एक टिक, तिसऱ्याला दोन टिक उशीर देतो. ४० मिलिसेकंदांच्या या फरकाने कॉर्ड ठोकल्यासारखी न वाजता छेडल्यासारखी वाजते. मग साठाव्या ओळीवर येतो, बास आणि तिन्ही कॉर्ड-ट्रॅकवर ‘ऑफ’ लिहितो, आणि शेवटच्या चार ओळी एकट्या चालीच्या बी साठी मोकळ्या ठेवतो, म्हणजे पॅटर्न पुन्हा वर गेल्यावर तळातून ए येईल तेव्हा तो ऐकू येतो.