थेरपीबाहेरचा बाक

कोथरूडच्या थेरपी सेंटरबाहेर एक बाक आहे. खरी माहिती मिळते ती तिथे. माझ्या लेकाला सेरेब्रल पाल्सी (सीपी), म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर परिणाम. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' आरोग्य विम्यात १ लाखापर्यंत संरक्षण असतं आणि थेरपीचाही खर्च बसतो, हे मला डॉक्टरांनी नाही, हडपसरहून बस बदलत येणाऱ्या एका ताईंनी सांगितलं. पिशवीतून प्लास्टिकची फाइल काढली: यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), झेरॉक्स, फोटो, सगळं क्रमाने लावलेलं. "फोटो जास्तीचे ठेवा हो, प्रत्येक खिडकीवर मागतात."

आता आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सुप्रभातवाले आहेतच (ते कुठे नसतात!), पण लहान झालेला वॉकर, सीपीच्या मुलांची खास खुर्ची तिथूनच पुढच्या मुलाकडे जातात. बाबा लोक मात्र अजून पार्किंगमध्येच, गाडीला टेकून फोन बघत उभे.